भुवनेश्वरीबाईंची एक्केचाळीस लाख पावलं

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां, विहीणबाई. बोला की. पोचलात?… नाही, ऐकू येतंय मला. तुमचाच आवाज तुटक येतोय. धाप लागल्यासारखा."

महानंदाने फोन खांद्याने कानाला दाबला आणि काकडी चिरत राहिली. सोलापुरात चैत्रातले साडेअकरा म्हणजे भिंतीला हात लावायची सोय नाही. विहिणीचा फोन येणार हे तिला कालपासून माहीत होतं. जिंकलेला माणूस एकदा तरी फोन करतोच. त्यासाठी तिने दोन वाक्यं तयार करून ठेवली होती. दोन्ही गोड होती आणि दोन्हींत एकेक खडा होता.

"अभिनंदन बरं का… नाही, मनापासून. एक्केचाळीस लाख पावलं म्हणजे काय थोडी झाली व्हय. काशीला जाऊन परत यायला लागला होतात तुम्ही. तेबी चप्पल न झिजवता… परवा बघितली की तुमची चप्पल. नवी कोरी. म्हटलं, पुण्यवान बाई आहे, हिला चप्पलसुद्धा त्रास देत नाही."

भानगड अशी होती. महानंदाचा मुलगा संगमेश आणि सून राजनंदिनी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतात. इमारतीत लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या जागेत सोसायटीचा गणपती बसतो. आषाढात गोड बातमी कळली. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण राजनंदिनीने पुण्यातलाच दवाखाना धरला. मग बाळंतिणीजवळ तीन महिने कोण राहणार? खोली एक, आज्या दोन. राजनंदिनी कंप्युटरवर काम करते, तिने तोडगाही तसाच काढला. दोघींच्या फोनवर पावलं मोजायचं ॲप टाकलं. बाळ होईपर्यंत जिची पावलं जास्त, तिने यायचं, कारण चार मजले तिलाच झेपणार. दोन्ही विहिणी लगेच हो म्हणाल्या. समोरची झोपाळ्यावरून उठायची नाही याची दोघींनाही खात्री होती.

परवा, बाळ घरी आलं त्या दिवशी, ॲपने निकाल दिला. महानंदा अडतीस लाख, भुवनेश्वरीबाई एक्केचाळीस लाख.

"मग? बाळ कसं आहे? नाक कुणाचं आहे?… अजून बघितलं नाही? मग फोन कशाला केलात, आधी बघा तरी… काय?… बसलात? कुठं बसलात?… जिन्यात?… कुणाच्या जिन्यात?"

सुरी खाली ठेवली गेली.

"थांबा, थांबा. म्हणजे तुम्ही इमारतीत आलाय. आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसलाय… किती वेळ झाला?… वीस मिनिटं? छातीत दुखतंय का?… डाव्या हातात काही?… नाही ना? घाम?… घाम मलाबी आलाय, ते सोडा. म्हणजे नुसता गुडघा आणि धाप. पाणी प्या दोन घोट… बरं, संगूला फोन लावा की… चार वेळा लावला? घरीच मीटिंगमध्ये बसला असेल, सकाळचा फोन मुका करून ठेवतो तो. मग राजनंदिनीला हाक मारा, ती त्या दिवट्याला उठवेल… का नको?… का पण नको?… दारातून रुबाबात आत जायचंय? आधी दारापर्यंत तर जा."

महानंदाला काही उमगेना. एक्केचाळीस लाख पावलं टाकलेली बाई छत्तीस पायऱ्यांवर अडली होती. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि ॲप उघडलं. बाई प्रवासात जास्त दमली असेल, आजची किती पावलं झाली ते बघावं, एवढाच साधा हेतू होता.

भुवनेश्वरी, आजची पावलं : ६,२०४.

ती बघत होती तोवर ६,२११.

"विहीणबाई, तुम्ही आत्ता बसलाय ना?… अगदी टेकून बसलाय?… पाय हलवायलात का?… पिशवी हलवायलात का?… नाही, नाही, सहज विचारते. सहा हजार दोनशे एकोणीस… सहा हजार दोनशे सव्वीस. तुम्ही बसल्या जागी चालायलात."

आकडा येतच राहिला.

"माझ्याशी कुठल्या फोनवरून बोलताय?… नवीन. आणि ॲप जुन्या फोनवर आहे. जुना कुठं आहे?… घरी. घरी कुठं?… देवघरात नाही चालत हो फोन. खरं सांगा… खाली? खाली कुठं?"

भुवनेश्वरीबाईंच्या घराच्या खालच्या मजल्यावर चार यंत्रमाग आहेत. मडिवाळप्पा तिथे टॉवेल विणतो. माग सुरू झाला की वरच्या मजल्यावर कपातला चहा आपोआप ढवळला जातो. महानंदाने तिथे अनेकदा असा चहा घेतला होता.

"सोमवार," ती हळूच म्हणाली. "सोमवारी तुमची पावलं शून्य असायची. मी विचारलं होतं तुम्हाला, दिवाळीच्या नंतर. काय सांगितलं होतंत?… आठवत नाही? मला आठवतंय. सिद्धरामाचा वार, लोक तोंडाचं मौन धरतात, मी पायाचं धरते. अंगावर काटा आला होता माझ्या. चार बायकांना सांगितलं मी. पुढच्या सोमवारी स्वतः धरलं पायाचं मौन. दिवसभर खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी, मागं पडायलेय म्हणून… सोमवारी मडिवाळप्पा माग बंद ठेवतोय ना?… व्हय की नाही एवढंच सांगा."

व्हय आलं.

"आणि लाईट गेली की तुम्ही थांबायचात. भर दुपारी बारालाबी. मी ह्यांना म्हणायचे, बघा, किती जपून वागणारी बाई आहे, लाईट गेली की पाऊल टाकत नाही."

ह्यांना म्हणजे नवऱ्याला, निंगप्पांना. आषाढापासून घरात त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. घरात नाचणी आल्यापासून ते गावातल्या अनोळखी लोकांच्या लग्नांना जेवायला जाऊ लागले होते.

"कसा बांधला होतात?… टॉवेलात गुंडाळून? मागाच्या हलत्या दांडीला?… आणि चार्जिंग?… जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे दुपारी एक ते दोन तुमची विश्रांती असायची ती त्याचीच… मी पण मग एक ते दोन विश्रांती घ्यायला लागले. तुम्ही करताय म्हणजे शास्त्र असेल म्हणून."

तिने काकडीची ताटली बाजूला सारली. नऊ महिने तिच्या डोळ्यांसमोरून पावलं टाकत गेले. पावसाळ्यात बाहेर चिखल, म्हणून जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या. रोज एकाच बाजूने फिरून तिचा डावा खांदा खाली गेला, मग निंगप्पांनी तिची फिरायची दिशा उलटी केली. श्रावणात सगळं उकडलेलं. दिवाळीत भट्टीत भाजलेली चकली, जी फोडायला खलबत्ता लागला. पौषात भावाच्या होटगीच्या शेतात हुरडा, सगळे आडवे होईस्तोवर खात होते आणि ही बाई अकरा दाणे मोजून घेऊन बांधावरून फेऱ्या मारत होती. संक्रांतीला शेंगापोळीचा नुसता वास घेतला, तोही एकाच नाकपुडीने. आता उन्हाळ्यात पहाटे साडेचारला तलावाला वळसे, सातपर्यंत घरी, मग आंबील, ताक, काकडी. आंबा समोरून गेला तरी मान फिरवायची. दोनशे शहाऐंशी असलेली साखर एकशे अठरावर आली. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा बघितला आणि नाव तपासलं.

हे सगळं एका वीतभर जिवाला तीन महिने मांडीवर घेता यावं म्हणून.

"आता माझं ऐका. तुम्ही खाली उतरा. रिक्षा करा, स्टेशनवर जा. दुपारच्या गाडीनं मी निघते. राजनंदिनीला मी काही बोलणार नाही, तुमची तब्येत बिघडली म्हणून सांगते… का?… उतरताबी येत नाही?… गुडघा धरलाय. वर नाही, खाली नाही… मग काय करायचा विचार आहे, तितंच राहायचं? लोक चपला काढून नमस्कार करतील उद्या."

"…रडू नका. जिन्यात आवाज घुमतो. बाळ उठेल."

हे वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं आणि मग तिला स्वतःचाच राग आला. फोन ठेवून द्यावा. एक बोट टेकवायचं काम. मग राजनंदिनीला लावावा आणि सांगावं, तुझ्या आईची पावलं अजून सोलापुरातच आहेत, सहा हजार आठशे झाली. तिने बोट उचललं. पण पलीकडे साठीची बाई जिन्यात बसली होती, नाक ओढत होती, आणि संक्रांतीला शेंगांची पिशवी घेऊन हाच जिना महानंदा स्वतः चढली होती. कुठल्या वळणावर कठडा संपतो आणि भिंत धरावी लागते ते तिच्या तळहाताला ठाऊक होतं.

"उठा… उठा म्हणते ना. मी चढवते तुम्हाला. पण फुकट नाही. चार-पाच पायऱ्यांमागं एक खरं सांगायचं… मग बसा तितंच… हां. उठलात? पिशवी राहू दे खाली, संगू नेईल. उजवा हात कठड्यावर. दुखरा पाय कुठला?… मग चांगला पाय आधी वर. दुसरा त्याच्याशेजारी आणा. दोन्ही पाय एका पायरीवर. नवरा-नवरी उभे राहतात तसे. श्वास घ्या. हां… आता परत."

"चढलात चार? आता बोला. ग्रुपवर आंबिलीचा फोटो टाकला होतात, मार्चमध्ये, पितळेच्या वाटीत. ती कशाची होती?… ज्वारीची नव्हती? मग?… वितळलेलं आइस्क्रीम… कुठलं?… नाही, सांगा की. सीताफळ. मी लिहिलं होतं खाली, वा, किती दाट आंबील, प्रमाण सांगा. तुम्ही प्रमाण सांगितलंतबी. एक वाटी पिठाला चार वाट्या ताक. मी तसं केलं. पाणी झालं. मला वाटलं, माझ्या हाताला गुण नाही."

"पुढं चला… सावकाश. बोलू नका चढताना, मी विचारल्यावर बोला… भिंत आली का? भिंत धरा. तिसरा मजला आला. बसायचं नाही, बसलात की गुडघा परत धरतो. उभ्यानं टेका. हां. आता कोशिंबिरीचं ताट. मोड आलेली मटकी, बीट, मधे लिंबू. तो फोटो कुठला?… माझा? माझंच ताट मला पाठवलंत?… तरीच. मी म्हणालेबी ह्यांना, आमची दोघींची ताटं सेम आहेत, कडेला पोचा आलाय तोबी सेम. ह्यांनी बघितलं माझ्याकडं आणि लग्नाला निघून गेले."

ती हसली असती. घडलं ते दुसऱ्या कुणाच्या घरी घडलं असतं तर ती पोट धरून हसली असती आणि शेजारी जाऊन सांगितलं असतं. पण ज्या बाईच्या आकड्याकडे बघून ती रोज पहाटे पाय जमिनीवर टेकवत होती, ती बाई नव्हतीच. तिथे एक टॉवेल होता.

"बरं, आता शेवटच्या अठरा. पाणी प्या… आता मला एवढंच सांगा. हे डोकं तुमचं नाही. तुम्हाला ॲप उघडता येत नव्हतं, पहिला महिना मीच शिकवलं तुम्हाला फोनवर. मागाला बांधलं की पावलं पडतात, हे कुणी सांगितलं? मडिवाळप्पानं?… नाही. मग?… विहीणबाई?… हॅलो?… आहात ना? चढताय का तुम्ही?… किती चढलात? सहा? उत्तर न देता सहा पायऱ्या? धाप कुठं गेली?"

खरोखरच धाप थांबली होती. सत्य सांगण्यापेक्षा जिना सोपा, असं भुवनेश्वरीबाईंच्या गुडघ्याने ठरवलेलं दिसत होतं.

"थांबा तितंच. नाव घ्या. मी ओरडणार नाही… राजनंदिनी नाही ना? तिनं तर खेळ मांडला… नाही. तिला माहीतच नाही. बरं. मग कुणी…"

"…कोण?"

"…परत सांगा."

"आमच्या संगूनं?"

महानंदा खुर्चीत बसली. घड्याळात बारा वाजायला आले होते. खालून भाजीवाल्याचा आवाज येत होता. तो दोडका-दोडका म्हणत लांब गेला.

"कधी?… दिवाळीत. दिवाळीत दोन दिवस तुमच्याकडं राहिला तेव्हा. स्वतः बांधून दिला फोन… टॉवेलसुद्धा त्यानंच निवडला… बरं. का म्हणाला?… नाही, कमी करून सांगू नका. जसं म्हणाला तसं सांगा. माझी साखर आता एकशे अठरा आहे, मला काही होत नाही."

"हं… हं… आई आली तर बाळंतिणीला नाचणीचे लाडू घालेल. घालणार होते. डिंकाचेबी घालणार होते, एक दिवसाआड… तूप मोजेल. व्हय, मोजलं असतं… आणि काय?… बाराव्या दिवशी राजनंदिनीला जिना चढउतार करायला लावेल? बाराव्या नाही हो. चाळिसाव्या म्हणाले होते मी. आणि ते पण एकच मजला. बारावा दिवस कुणी सांगितला त्याला?"

"डोहाळजेवणाचं काय?… रडली होती ती, मला माहीत आहे. मी समोरच होते. पाच प्रकारची कडधान्यं, बिटाच्या वड्या, साखर कणभर नाही, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, सासूनं एवढं केलं म्हणून भरून आलं तिला… जिलेबीसाठी?… जिलेबीसाठी रडत होती."

"मग मला सांगायचं की. संगू दर रविवारी फोन करतोय. आई, आज किती झाली, विचारतोय. चौदा हजार म्हटलं की म्हणतोय, वा आई, अजून थोडं रेट. मी रेटत होते, विहीणबाई. फेब्रुवारीत अंगठ्याचं नख गेलं माझं. त्याला फोटो पाठवला मी. त्यानं अंगठाच पाठवला परत, शाबासकीचा."

पलीकडून भुवनेश्वरीबाई घाईघाईने काहीतरी सांगत होत्या. महानंदाने ते सगळं ऐकून घेतलं.

"नाही, नाही. तुम्ही कशाला परत जाता. आता अर्ध्या जिन्यात आलाय तुम्ही… माझ्यासाठी नको हो. मी येऊन काय करू तितं? माझ्या हातचं खायला लागू नये म्हणून पोरानं कारखाना चालवला सहा महिने. त्या घरात मी जाऊन ताटं वाढू?… नाही, रागानं नाही बोलत. विचारायलेय."

"चला. बारा राहिल्यात. चांगला पाय वर… दुसरा शेजारी… श्वास. मी मोजते. तुम्ही मोजू नका, तुमच्या मोजण्यावर विश्वास नाही माझा… चार… पाच… घाई नको. इथं एक पायरी उंच आहे, सगळ्यांना ठेच लागते. नववी. हां, तीच. पाय पूर्ण उचला… झाली?… दहा… अकरा…"

"आलात?… डावीकडचं दार. बेल वाजवू नका, बाळ झोपलं असेल. कडी वाजवा, हळू. फोन पिशवीत टाका आता… पिशवी खाली आहे, व्हय. मग हातात राहू दे. श्वास खाली बसू दे आधी. तोंड पुसा, रडल्यासारखं दिसेल… पुसलंत? वाजवा."

तिने फोन कानाशी घट्ट धरला. स्वतः तिथे नसूनही नकळत केस सारखे केले.

"उघडलं?… कोण आहे, संगू?… काय म्हणायलाय तो?… तुम्ही सांगू नका, ऐकू आलं मला. 'आईला कळलं नाही ना?' म्हणाला."

"विहीणबाई. नाही म्हणून सांगा त्याला… हो. आईला काही कळलेलं नाही, म्हणा. तुम्ही फोनवर माग बंद करायला सांगत होता मडिवाळप्पाला… म्हणा हो. सहा महिने जमलं की तुम्हाला, एवढं एक वाक्य जमेल."

"नको, त्याला देऊ नका फोन. काय बोलू मी त्याच्याशी?… आतून कसला आवाज तो?… उठली काय?… बारीक आहे हो आवाज. मला वाटलं होतं मोठा असेल… नाही, ऐकायलेय मी. थोडा वेळ असाच धरा फोन."

"…बास. आता आत जा. आणि ऐका, तिला घ्यायच्या आधी हात धुवा. कोपरापर्यंत. चार मजल्यांचा कठडा पुसत आलाय तुम्ही. मान खालून धरा… हो. ठेवते."